रग

डॉक्टर ठक्कर विचारतात, दहापैकी किती?
मी सात म्हणते.
शाळेत चित्रकलेला मिळायचे तेवढे.
ते सात लिहून घेतात, गोळी तीच ठेवतात,
घंटी वाजवतात.

बाहेर, रावपुऱ्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावर,
जिना चढून दमलेली माणसं
लांब बाकावर बसलेली,
मांडीवर एक्स-रेचं पाकीट
नव्या साडीसारखं जपून.
इथे दहापैकी कुणी विचारत नाही.
इथे विचारतात, कसं दुखतं?

मला नागीण झाली होती. डाव्या कुशीवर, ऐन दिवाळीत.
फोड वाळले, खपल्या पडल्या, आग राहिली.
चारुलता गुप्ते म्हणाल्या, तोंड न् शेपूट भेटलं नाही ना?
भेटलं की संपलं.
इलाबेननी गेरू सांगितला,
डभोईचा एक मंत्रवाला सांगितला,
मग आवाज खाली करून,
मीही गेले होते. काही फरक नाही.
पण जाऊन या. मन राहतं.

मी म्हटलं, भगभगतं. नुसता पदर लागला तरी.
इलाबेन म्हणाल्या, बळतरा.
छे, बळतरा मिरचीची.
ही राखेखालची.
त्यांच्या पाठीत सणको येतो, माझ्या आईला सणक यायची,
मध्ये एका काना-मात्रेचं अंतर.
कळतर मला नवा होता.
त्यांनी माझी पोटरी दाबून दाखवला.
बदल्यात मी कणकण दिली,
ती त्यांनी दोनदा म्हणून पाहिली,
गोळी जिभेवर फिरवावी तशी.

टोकाला फणसेकाका. कधी बोलत नसत.
हातात फाईल नाही, पाकीट नाही,
वीजबिलाच्या पाठीवर काहीतरी लिहीत बसायचे.
चारुताईंनी शेवटी विचारलंच,
तुमचं काय दुखतं हो?

माझं नाही. हिचं.
फाल्गुनात उजवी बाजू गेली, वाचा गेली.
डोळे आहेत.
रात्री दोनला रडते. विचारतो, दुखतंय?
डोळे मिटते. म्हणजे हो.
त्याच्या पुढचं विचारायला
माझ्याकडे शब्द नाहीत, मी जन्मभर हिशेब लिहिले.
म्हणून तुमचे नेतो. एकेक वाचून दाखवतो.

बाक गप्प झाला.
मग सगळे एकदम बोलायला लागले.
ठसठस घ्या, तिडीक घ्या, चमक,
पोटात असेल तर चूंक,
मुंग्या लिहिलंत का, मुंग्या?
औषधाच्या खिडकीतून कुणी ओरडलं, जकडण!
बिलाची मागची बाजू भरली.
काकांनी ते उलटं केलं
आणि युनिटांच्या आकड्यांभोवती लिहीत राहिले.

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत.
आम्ही त्यावर बोललो नाही.
टरबुजाच्या भावावर बोललो.

त्याच्या पुढच्या गुरुवारी आले, बसलेही नाहीत.
रग, म्हणाले.
रग लागली होती तिला.
बावीस शब्दांना डोळे उघडे,
तेविसाव्याला मिटले, ते मिटूनच ठेवले.
तीन महिने मी तिला एकाच कुशीवर निजवत होतो,
भिंतीकडे तोंड करून,
पंख्याचा वारा झोंबू नये म्हणून.
आता गुडघ्याखाली उशी दिली. दर दोन तासांनी फिरवतो.
गजर लावलाय.
आणि उतरलेसुद्धा जिना, कठड्याला न धरता.

रग कुणी सांगितली होती?
चारुताई म्हणतात मी, मी म्हणते त्यांनी.

रग एटले शुं? इलाबेननी विचारलं.
मी हात वर धरला, वर्गात धरतात तसा.
धरून राहिले.
खांदा भरून आला, बोटं जड झाली,
तरी खाली घेतला नाही,
समोरच्या कॅलेंडरवरचे वार वाचत राहिले.
त्या बघत होत्या.
मग त्यांनीच माझं मनगट धरलं
आणि हात हळूच खाली आणून
माझ्या मांडीवर ठेवला.

आत घंटी वाजली.
कुणाचा नंबर होता कोण जाणे.